पहिल्या लॉटचा चाकू

आमच्या घरात एक चाकू घ्यायचा होता. भाजीचा नाय. भाजीचे ढीगभर पडलेत, त्यातला एकच कापतो. हा घडीचा चाकू होता, मिटवून खिशात ठेवायचा, शौकीन लोक जमवतात तसला. त्याच्यापायी आमच्या ह्यांनी आख्खा हिवाळा घातला, आंब्याला मोहर येऊन गेला, कैऱ्या धरल्या, तरी ह्यांचं "बघतोय अजून" काही संपेना. तेवढ्यात आमच्या गारखेड्याच्या गल्लीत एका पोरीचं लग्न जमलं, झालं, आणि ती पहिल्या माहेरपणाला येऊनसुद्धा गेली.

आता ह्यांचा स्वभावच तसा, त्याला मी तरी काय करू? वाळूजच्या एका कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यानं घाम गाळून केलेला माल टेबलावर घ्यायचा, उजेडात धरायचा, मापायचा आणि "नाय" म्हणायचं, याचाच पगार. रिटायर झाले तरी सवय कुठं जाती? घरी एक मापाची पट्टी आहे, ते तिला व्हर्नियर म्हणतात. मी लग्नाच्या नव्या नवलाईत भाकरी केली तर तिच्यावर ती पट्टी लावली होती. म्हणाले, "कडेला पातळ हाय." मी म्हणलं, "मग रिजेक्ट करा आणि उपाशी झोपा." खाल्ली गुमान.

मला बघायला देवगाव रंगारीला आले तेव्हाची गोष्ट आमच्या माहेरी अजून सांगतात. चहा दिला. सगळे पाहुणे माझ्याकडं बघायलेत आणि नवरदेव कपबशी उलटी करून तिच्या बुडाचा शिक्का वाचायलाय. माझ्या बापाला वाटलं, पोरगं किंमत बघतंय का काय. त्यानंतर होकार यायला इतका उशीर झाला की माझ्या आईनं दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं. मी कुठल्या लॉटमधली, हे तपासत असतील.

तर असा माणूस. त्याला गेल्या दसऱ्याच्या आसपास अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करता करता हातातलं रेझर पडलं, उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. दवाखाना झाला, देवाच्या कृपेनं जीव वाचला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय हळूहळू जमिनीवर नीट पडायला लागला. राहिला तो उजवा हात. हात होता, पण तो पाहुण्यासारखा होता. मांडीवर येऊन बसायचा, जेवायच्या वेळी समोर असायचा, कामाला मात्र बोट लावायचा नाय.

डॉक्टर म्हणाले, बोटांत जीव आहे, कामाला लावत राहा, येईल. व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची. तिनं पिवळा मऊ चेंडू दिला, दाबत बसा म्हणाली. ह्यांनी तो चेंडू कपाटाच्या मागं सारला. मी काढून दिला की पुन्हा मागं. "मी काय रांगतोय का?" म्हणायचे. पंगतीत डाव्या हातानं जेवावं लागतं म्हणून लग्नाकार्याला जायचं सोडलं. कुणी घरी आलं तर पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आणि तोंडानं कबूल करतील तर शपथ. शर्टाचं बटण लागेना तर "हवा येऊ दे जरा." पेन धरता येईना तर "सही उद्या करतो, घाई काय हाय?" जमत नाही हा शब्द म्हणून काढायचा नाय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज सकाळी उठून बघत होते. मला भीती एकच होती. हा माणूस एक दिवस हात सोडूनच देईल, आणि हाताबरोबर बाकीचंही सोडून देईल, खुर्चीत बसून राहील.

त्या खुर्चीतच त्यांना हा चाकू सापडला. मोबाईलवर. डाव्या अंगठ्यानं ढकलत ढकलत ते चाकूंचे व्हिडिओ बघायचे. जगात एवढे रिकामे लोक आहेत हे मला तेव्हा कळलं. एक माणूस टेबलावर दोन चाकू ठेवतो आणि अर्धा तास त्यांच्यातला फरक सांगतो. आमचे हे मान डोलावत बघतात. मधूनच त्या माणसाला सांगतात, "अरे, स्प्रिंग दाखव ना बाबा, मूठ काय दाखवतोस?" तो ऐकतोय थोडाच.

तर उत्तरेकडं कुठंतरी एक छोटा कारखाना होता, आता बंद पडलाय. त्यानं हा चाकू काढला, आणि बंद पडायच्या आधी त्याचे तीन लॉट निघाले. मला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण सकाळच्या चहाला, दुपारच्या जेवणाला आणि संध्याकाळच्या दिव्याला माझ्या घरात हाच विषय होता. पहिल्या लॉटची मूठ म्हशीच्या शिंगाची. पात्याच्या बिजागरीला रिव्हेट नाय, पितळी स्क्रू, म्हणजे पाहिजे तसं घट्ट-सैल करता येतं. पाठीची स्प्रिंग लई कडक. पात्याला नखाएवढी खाच, तिच्यात नख घालून ओढायचं, तर कुठं टक् करून उघडणार. लोकांची नखं तुटायला लागली, तक्रारी आल्या. मग दुसऱ्या लॉटला स्प्रिंग नरम केली, शिंगाच्या जागी शिसवीचं लाकूड आलं, स्क्रू जाऊन रिव्हेट आलं. तिसऱ्या लॉटला तर पात्यावर एक छोटी खुंटी बसवली. एका हातात धरा, अंगठ्यानं खुंटी ढकला, उघडला.

आता तुम्हीच सांगा. ज्याचा एकच हात चालतो त्यानं कुठला घ्यावा? आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगेल, तिसरा. हे म्हणाले, "तिसरा हा चाकूच नाय. अंगठ्यानं उघडायला तो काय लायटर हाय?"

"मग पहिला घ्या."

"पहिल्याचा बघतोय. काहींच्या स्क्रूला गंज असतो."

"मग दुसरा."

"दुसरा म्हणजे धड ना हे ना ते."

असं महिनोन् महिने. फोटो मोठे करून बघायचे. इतके मोठे की मोबाईलच्या स्क्रीनवर नुसतं शिंगाचं रवाळ रान दिसायचं. मी एकदा म्हणलं, "मला बघताना एवढं बघितलं नव्हतं."

"बघितलं होतं."

"मग?"

"तुझा एकच लॉट होता. चॉइस कुठं होता?"

पुण्याहून पोरगी म्हणाली, बाबा, मीच मागवते, वाढदिवसाला भेट. त्यावर मीच मोडता घातला. आमच्यात चाकू भेट देत नाहीत, नातं कापतं म्हणतात. एकमेकांच्या हातातसुद्धा देत नाहीत, खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. पोरगी हसली. हे मात्र लगेच माझ्या बाजूनं झाले. संसारात पहिल्यांदा. "आई म्हणती ते बरोबर हाय, भेट नको. मी बघून घेईन." मला तिथंच शंका यायला पाहिजे होती.

शंका आली ती एका दुपारी. मी भाकरी थापता थापता त्यांच्याकडं बघत होते. मोबाईलवर पहिला लॉट उघडत होता, टक्, आणि ह्यांचा डावा हात आपोआप उजव्या हाताजवळ गेला. उजव्याची बोटं त्यांनी एक एक करून मिटवली, मूठ केल्यासारखी, आणि डाव्या नखानं हवेतच काहीतरी ओढलं. बोटं लगेच उघडली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि व्हिडिओ बदलला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिला लॉट उघडायला दोन हात लागतात. तिसरा घेतला तर उजवा हात गेला हे कबूल केल्यासारखं. पहिला घेतला आणि उघडला नाय, तरी तेच. त्यापेक्षा घ्यायचाच नाय. बघत राहायचं. जोपर्यंत बघतोय तोपर्यंत कुणी म्हणणार नाही की उघडून दाखवा. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार सगळा.

मला आधी भरून आलं आणि मग राग आला. माझं असंच आहे, एकामागं एक येतात. मी पिठाच्या हातानंच बाहेर आले आणि म्हणलं, "तुम्हाला चाकू नकोय. तुम्हाला नुसतं चाकू बघत बसायचंय. घ्यायची छातीच नाय तुमच्यात."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सिल्लोडला एकाकडं तिन्ही लॉट हायेत. जाऊ."

हे सिल्लोडवाले म्हणजे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ. कापसाच्या व्यापारात होते, आता व्यापार मुलांकडं आणि त्यांच्याकडं चाकू. ह्यांची त्यांची ओळख फोनवरचीच, चाकूच्या ग्रुपातली. हे त्यांना भाईसाब म्हणायचे, मी आपलं चाचा म्हणायला लागले. त्या चाचांची एक अट होती, ती ह्यांनी मला जाता जाता सांगितल्यासारखी सांगितली. त्यांच्याकडून चाकू घ्यायचा तर त्यांच्यासमोर हातात घेऊन उघडून दाखवावा लागतो. जो चाकू हाताला येत नाही तो ते देत नाहीत, मग समोर कलेक्टर का असेना. हे तिथं जाणार, परक्या घरात पहिला लॉट हातात घेणार, आणि तो उघडणार नाय. त्यानंतर हे कुठंच जाणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

मग मी जे केलं ते कुठलीही बायको करील. हे आंघोळीला गेल्यावर त्यांच्या मोबाईलवरनं चाचांना फोन लावला. सगळं सांगितलं. आणि म्हणलं, "तुमच्या पहिल्या लॉटला स्क्रू आहे ना, तो जरा सैल करून ठेवा. तेल सोडा. उघडला पाहिजे बस."

चाचा म्हणाले, "भाभी, ये तो जुल्म है. पहिल्या लॉटचा स्क्रू मी कधीच हलवला नाय. आख्ख्या जिंदगीत नाय."

"चाचा, तुमच्या चाकूची इज्जत राहील, माझ्या माणसाची जाईल."

"हौ, वो भी है." मग मोठा उसासा. "करता हूँ. अल्लाह माफ करे."

मला वाटलं, काम फत्ते. मोठी शहाणी ना मी.

आम्ही एसटीनं गेलो. पोरगी गाडी पाठवते म्हणाली होती, ती ह्यांनी नाकारली. जळगाव रोडला बस अशी उड्या मारत होती की माझी कंबर ढिली झाली, पण हे डाव्या हातानं दांडी धरून ताठ. खिशात व्हर्नियर होतं. कुणी सोन्याच्या दुकानात जाताना इतकं नटत नाही, असा शर्ट घातला होता. बटणं मीच लावली होती, तेव्हा हे छताकडं बघत होते.

चाचांचं घर मोठं, व्हरांड्यात गादी घातलेली. चाचा मेंदी लावलेल्या दाढीचे, अंगानं भारदस्त, पण मला बघितल्या बघितल्या चेहरा असा केला की जसं काय आम्ही दोघांनी मिळून बँक फोडली. चोराच्या मनात चांदणं. मी डोळ्यांनीच म्हणलं, नीट वागा. त्यांनी चहा मागवला, खारी मागवली, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, कापसाच्या भावावर बोलले. माणूस घाबरला की किती बोलतो. शेवटी आतनं बांगड्या ठेवायचा एक मखमली डबा आणला, त्यातनं तीन चाकू काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवले.

आमचे हे पुढं सरकले. मी ह्यांना इतक्या दिवसांत असं बघितलं नव्हतं. डोळे कारखान्यातल्यासारखे झाले. आधी तिसरा घेतला, डाव्या हातात, अंगठा लावला, सर्रकन उघडला. बंद केला. "हं." त्या एका "हं"मध्ये तिसऱ्या लॉटचा निकाल लागला. दुसरा घेतला. उजव्या हाताची बोटं मुठीवर नुसती टेकवली, डाव्यानं ओढला. थोडी झटापट झाली, पण स्प्रिंग नरमच, उघडला. "लाकूड चांगलं हाय," म्हणाले. म्हणजे बाकी काही चांगलं नाही.

मग पहिला. चाचांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. ह्यांनी चाकू उजव्या तळहातात ठेवला, बोटं डाव्या हातानं त्याच्याभोवती वळवली. नख खाचेत घातलं. ओढलं, आणि पातं लोण्यातनं आल्यासारखं बाहेर आलं.

"अगं बाई! उघडला की!" मी म्हणलं. जरा जास्तच म्हणलं. चाचा पण लगेच, "वाह, वाह, क्या बात है!"

ह्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही. पात्याकडं बघत होते. पातं बोटांत धरून इकडून तिकडं हलवलं. कानाशी नेलं. मग स्क्रू उजेडात धरला, चष्मा वर केला, डोळा अगदी जवळ नेला.

"पातं खेळतंय," ते म्हणाले. "पहिल्या लॉटचं पातं खेळत नसतं."

चाचा खारीचा तुकडा मोडायला लागले.

"स्क्रूच्या खाचेत नवा ओरखडा हाय. पितळ चमकायलंय. हे काल-परवा कुणीतरी फिरवलंय." त्यांनी मान वर केली आणि चाचांकडं बघितलं. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी कपात बघितलं. कपात चहा नव्हता.

"मैं बोला था भाभी को," चाचा म्हणाले. "पहिलेच बोला था."

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. जन्मभर ज्या माणसाचा डोळा खोट पकडण्यात गेला, त्याच्यासमोर मी स्क्रू फिरवून ठेवला होता. भाकरीची कड ज्याला कळती त्याला हे कळणार नाही असं मला का वाटलं, देव जाणे.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "भाईसाब, स्क्रूड्रायव्हर असंल ना?"

चाचांनी आणून दिला. ह्यांनी चाकू मांडीवर ठेवला, त्याच्यावर उजवा हात वजनासारखा ठेवला आणि डाव्या हातानं स्क्रू आवळायला घेतला. स्क्रूड्रायव्हर घसरायचा, चाकू घसरायचा. चाचा मदतीला पुढं झाले तर त्यांच्याकडं अशी नजर टाकली की चाचा परत गादीवर. थोडं आवळायचे, पातं हलवून बघायचे, पुन्हा आवळायचे. मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसले होते, कारण ते आपोआप पुढं जायला बघत होते. पातं जराही खेळेना झालं तेव्हा थांबले.

मग मिटवला, आणि पुन्हा उघडायला घेतला. नाय उघडला. नख घसरलं. बोटं सुटली. पुन्हा वळवली, पुन्हा ओढलं. कपाळावर घाम आला. नाय उघडला.

"हाच घेणार," ते म्हणाले.

"ले लो," चाचा म्हणाले. "खुशी से ले लो. एकदा उघडून दाखवला ना, अट संपली."

"तो मी उघडला नव्हता. तुम्ही उघडून ठेवला होता." त्यांनी चाकू रुमालात गुंडाळला. "घेऊन जातो. उघडला की फोन करतो. तोपर्यंत तुमचाच समजा."

चाचांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाढीतल्या दाढीत काहीतरी पुटपुटले. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "भाभी, दुबारा ऐसा काम नक्को सांगू. माझ्याच्यानं होत नाय."

परतीच्या बसमध्ये हे फुलंब्री मागं पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग तोंड तिकडंच ठेवून बोलायला लागले.

"सगळे माझ्यासाठी सगळं सैल करायलेत. भात मऊ. कपडे ढगळ. शेजारचा वाद घालायचा, तोसुद्धा आता 'बरोबर आहे काका' म्हणतो. पोरगी फोनवर लहान लेकराशी बोलल्यासारखं बोलती. तेवढी तू टोमणे मारायचीस. मला वाटायचं, चला, हिचं तरी टाइट हाय. हिच्या लेखी आपण आहे तसेच हाय. आणि तूच स्क्रू फिरवलास."

इतकं वाईट मला दवाखान्यातही वाटलं नव्हतं. मला खूप काही सांगायचं होतं, की मी घाबरले होते, की तुम्ही खुर्चीत बसून राहाल याची मला भीती वाटत होती. पण बसमध्ये पुढच्या सीटवरची बाई कान लावून बसली होती. आणि सांगून काय होणार होतं? मी पदरानं नाक पुसलं आणि म्हणलं, "बरं. मग आजपासून बघाच तुम्ही."

"काय बघू?"

"घरी गेल्यावर शर्टाची बटणं तुमची तुम्ही काढा. मी लावणार नाय, काढणार नाय. उघडे फिरा गारखेड्यात."

ते हसले. आवाज आला नाही, पण खांदे हलले. बसनं उडी मारली म्हणून हलले असंही असेल, पण मी ते हसणंच धरलं.

तेव्हापासून आमच्या घरी रोज दुपारी चाकू निघायचा. चहाच्या आधी. डाव्या हातानं उजव्याची बोटं मुठीवर वळवायची, नख घालायचं, ओढायचं. बोटं सुटायची. पुन्हा. पिवळा चेंडू कपाटाच्या मागंच राहिला. त्याची आता कुणाला आठवणही नव्हती. आणि मी माझं काम चोख करत होते. "उघडला का हो? का बोलावू सुताराला?" "एवढ्या वेळात आमच्या माहेरची म्हैस शिंग देऊन मोकळी झाली असती." "पुढच्या दसऱ्याला पूजेला मिटलेलाच ठेवायचा का?" ह्यांचंही तोंड सुटलं. "तू बडबड बंद केलीस तर उघडंल. स्प्रिंग घाबरती तुला."

शेजारीण एकदा दारातनं ऐकून आत आली. "अहो, आजारी माणसाला असं बोलतात का?"

"मग निरोगी माणसाला बोलू? तुमच्याकडं पाठवा, तिकडं बोलते."

व्यायामाच्या पोरीनं चाकू बघितला तेव्हा ती उडालीच. मग तिनं बोटं दाबून बघितली आणि म्हणाली, "काका, पकड येतेय हां." हे म्हणाले, "काय पकड? पातं एवढंसंही हललं नाय." पण त्या दिवशी चहाची बशी उजव्या हाताच्या जवळ सरकवून ठेवली होती, हे मी बघितलं. चाचांचा फोन शुक्रवारी नमाजनंतर यायचा. सलाम-दुवा काही नाही, थेट, "खुला क्या?" आणि हे इकडनं, "नाय खुला, भाईसाब."

ऊन कडक झालं. मी कुरडयांचा चीक शिजवला होता, साडी पसरून अंगणात कुरडया घालत होते. हे ओट्यावर सावलीला बसले होते, चाकू घेऊन. माझं लक्ष नव्हतं. चीक गार व्हायच्या आत घालायचा असतो, तेव्हा कुणाचं कुणाकडं लक्ष असतं?

टक्.

मी वळून बघितलं. पातं पूर्ण उघडं होतं, उन्हात चमकत होतं. मूठ उजव्या हातात होती. बोटं वळलेली होती आणि तशीच राहिली होती, डावा हात तिथं नव्हताच, तो हवेत तसाच थांबला होता. हे आपल्या उजव्या हाताकडं बघत होते, जसं काय तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

इतक्या दिवसांत या वेळेसाठी मी किती टोमणे ठरवून ठेवले होते, देवा. एकही आठवेना. हातातला सोऱ्या तसाच राहिला, त्यातनं चीक एकाच जागी गळत राहिला.

मग ते मिटवायला गेले. मिटवणं त्याहून अवघड, पात्याच्या पाठीवर जोर द्यावा लागतो आणि मूठ हलली नाही पाहिजे. एकदा दाबलं. उजवी बोटं थरथरायला लागली, दमली होती. पुन्हा दाबलं. नाय झालं. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे उघडाच, हवा लागू दे त्याला.

ते हळूच उठले, माझ्याजवळ आले, उघडा चाकू माझ्यापुढं पाटावर ठेवला.

"हा मिटव गं जरा," ते म्हणाले. "मला नाय जमत."

सहज म्हणाले. मीठ दे म्हणावं तसं. झटका आल्यापासून पहिल्यांदा, आणि खरं सांगते, आमच्या सगळ्या संसारात पहिल्यांदा. मला तिथंच रडू फुटलं. चिकानं बरबटलेले हात तोंडाला लावता येईनात, तशीच रडत बसले, साडीवर, कुरडयांच्या मधे.

ते वाकून माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

"रडून मिटतो का चाकू?" म्हणाले. "हात धू आणि ये. आणि एका हातानं नाय व्हायचं ते, दोन्ही लाव."